बागेंतील खोप : आंखणी व बांधणी

“लग्न पाहावें करून आणि घर पाहावें बांधून,” अशी आपल्याकडे म्हण आहे. हीं दोन्ही कामें अशीं आहेत कीं, तीं अंगावर घेईपर्यंत माणसास आपली शक्ति आणि आपलें अज्ञान यांचें माप कळत नाहीं. आमच्या विद्यार्थी वाचकांस तूर्त या दोहोंची घाई नाहीं. परंतु तिसरें एक लहानसें काम त्यांच्या आटोक्यांतलें आहे; तें म्हणजे बागेंत कुदळी, फावडीं, खुरपीं व झाऱ्या ठेवण्यासाठीं एक खोप स्वतः बांधणें. पाहणारास तें क्षुल्लक वाटेल. पण पाया, सांगाडा, छप्पर, दार, पाण्याची वाट, असें मोठ्या घरांत जें जें असतें तें सर्व या एवढ्याशा खोपींत असतें. आणि मोठ्या घरांत गिलाव्याखालीं दडून राहणारी चूक येथें दडत नाहीं. म्हणून हा धडा आम्ही लिहीत आहों. एक खोप पडल्यावर व दुसरी उभी राहिल्यावर तो लिहीत आहों, एवढाच आमचा अधिकार.

१. पहिल्या खोपीची हकीकत

कांहीं वर्षांपूर्वीं शाळेच्या बागेसाठीं खोप बांधण्याचें आम्हीं मनावर घेतलें. पदवी घेतलेल्या माणसास चार खांब उभे करणें काय अवघड, असा आमचा समज होता. नकाशा काढला नाहीं. जागा डोळ्यांनीं पाहिली व माप पावलांनीं घेतलें. बाभळीच्या सहा मेढी दोन-दोन फूट भुईंत पुरल्या, त्यांवर बांबू बांधले आणि जस्ती पत्रे ठोकले. शाळेचीं बांकें दुरुस्त करणारे एक वृद्ध सुतार तेथून जात होते. ते थांबून म्हणाले, “मास्तर, मेढ उघडी मातींत पुरूं नका. भुई तिला खाईल.” आम्हीं हंसून म्हटलें, “बाबा, शेतांतल्या मेढी पुरलेल्याच असतात कीं!” ते म्हणाले, “असतात. आणि शेतकरी दर दोन-तीन वर्षांनीं त्या बदलतो.” एवढें बोलून ते आपल्या कामास गेले, आणि आम्ही आमच्या.

तिसऱ्या वर्षीं एप्रिल महिन्यांत वळवाचा पाऊस वादळासह आला आणि रात्रींतून खोप कोसळली. सकाळीं पाहतों तों सगळ्या मेढी भुईच्या पातळीवर वाळवीनें पोखरलेल्या, आणि एक पत्रा वीस पावलें उडून भाजीच्या वाफ्यांत उभा रुतलेला. सकाळची शाळा चालू होती, आणि त्याच वाफ्यांत रोज प्रार्थनेपूर्वीं सातवीच्या मुली खुरपणीस बसत असत. वादळ रात्रीं आलें, एवढ्यावरच सारें निभावलें. पत्र्याची ती धार आम्हीं पुष्कळ वेळ पाहत उभे होतों. खोप हें अवजारांचें घर आहे, पण तिच्या आसपास माणसें वावरतात, ही गोष्ट त्या दिवशीं प्रथम आमच्या ध्यानांत आली.

दुपारीं सुतारबाबा आले. “मीं सांगितलें होतें,” हे शब्द त्यांनीं उच्चारले नाहींत. पडलेल्या मेढींपैकीं एक उचलून त्यांनीं ती नखानें टोकरून पाहिली व म्हणाले, “वरची बाजू धड आहे. हिचा उंबरठा होईल.” दुसरी खोप त्या उंबरठ्यापासून सुरू झाली. पुढें लिहिलेल्या मजकुरापैकीं निम्मा त्यांचा आहे व निम्मा भूमितीचा. आमची म्हणावी अशी त्यांत केवळ चूक आहे.

२. आधीं कागद, मग कुदळ

खोप केवढी असावी, या प्रश्नाचें उत्तर जागा पाहून मिळत नाहीं. तिच्यांत काय ठेवायचें आहे तें पाहून मिळतें. म्हणून प्रथम वस्तूंची यादी करावी. पहार, कुदळ, फावडें व दंताळें हीं भिंतीवर टांगतां येतात; बियाण्यांचे डबे फळीवर राहतात; पण हातगाडीस भुईच लागते, आणि तिला नुसती जागा पुरत नाहीं, वळण्यास वाव लागतो. यादी झाली म्हणजे चौकटींचा कागद घ्यावा व एक चौकट म्हणजे सहा इंच असें प्रमाण धरावें. त्याच प्रमाणानें प्रत्येक वस्तूचा कागदी तुकडा कापावा आणि ते तुकडे नकाशावर मांडून, सरकवून पाहावे. आमच्या मुलांनीं हा खेळ खेळून दाखविला, तेव्हां सहा फूट रुंदीच्या खोपींत हातगाडी आंत जाते पण वळत नाहीं, हें कागदावरच दिसलें. शेवटीं लांबी १० फूट व रुंदी ८ फूट असें माप ठरलें.

नुसता वरून दिसणारा नकाशा पुरेसा नाहीं. खोप मधोमध करवतीनें कापली तर कशी दिसेल, असा उभा छेदही काढावा. आमच्या छेदांत जोतें १ फूट, जोत्यापासून भिंत साडेसहा फूट, आणि भिंतीपुढें दीड फूट आलेली वळचण होती. छप्पर दर दोन फूट आडव्या अंतरास एक फूट उतरतें. म्हणून वळचणीची कड भिंतीच्या माथ्याहून ९ इंच खालीं येते. भुईपासून तिची उंची मोजली तर ६ फूट ९ इंच भरते, म्हणजे उंच माणसाचेंही डोकें आपटत नाहीं. भिंत एका फुटानें कमी धरली असती तर आपटलें असतें. कागदावर ही टक्कर रबरानें पुसतां येते. बांधून झाल्यावर ती रोज कपाळावर उमटते.

३. जागेची निवड

खोपीची जागा बागेजवळ, पण पाणी साठणार नाहीं अशा उंचवट्यावर असावी. एका पावसाळ्यांत पाणी कोठें तुंबतें तें पाहून ठेवलें तर उत्तम. मोठ्या झाडाखालीं खोप घालूं नये. सावली मिळते खरी, पण फांदी मोडली तर छपरावर येते, पानें पन्हळींत कुजतात आणि मुळें पाया उचलतात. आपल्या पठारावर पावसाळी वारा मुख्यतः पश्चिम व नैऋत्य दिशांनीं येतो. म्हणून दार पूर्वेस ठेवावें. आमच्या खोपीची लांबी दक्षिणोत्तर आहे, त्यामुळें एक पाखें पश्चिमेस येतें व पावसाचा मारा कौलांवर पडतो, दारावर पडत नाहीं. सकाळचें ऊन मात्र दारांतून थेट आंत शिरतें व दमटपणा घालवितें.

४. दोरीची भूमिति

आमची पहिली खोप चौकोनी होती, पण काटकोनी नव्हती. त्यामुळें पत्रे एका कोंपऱ्यांत बाहेर आले व दुसऱ्यांत अपुरे पडले. काटकोन जमिनीवर आंखण्याची रीत सोपी आहे. चोवीस फुटांच्या दोरीवर ६, ८ आणि १० फुटांच्या खुणा करून तिचें टोंकास टोंक जोडावें व खुणांच्या जागीं तीन खुंट्या धरून ती ताणावी. सहा व आठ फुटांच्या बाजूंमधील कोन काटकोनच होतो. युक्लिडच्या पहिल्या पुस्तकांतील सत्तेचाळिसावा सिद्धान्त, म्हणजे काटकोन त्रिकोणाच्या कर्णाचा नियम, वर्गांत सर्वांनीं पाठ केलेला असतो. येथें उपयोगी पडतो तो मात्र त्याच्या पुढचा अठ्ठेचाळिसावा, म्हणजे त्याचा व्यत्यास: बाजूंचे वर्ग तसे जुळत असतील तर कोन काटकोन असलाच पाहिजे. आपल्या देशांत यज्ञवेदी आंखणारांस हा नियम फार प्राचीन काळापासून ठाऊक होता. बौधायनाच्या शुल्बसूत्रांत तो सांगितला आहे, आणि शुल्ब या शब्दाचा अर्थच दोरी असा आहे.

चारी कोंपरे ठरल्यावर दोन्ही कर्ण मोजून ताळा पाहावा. १० व ८ फूट बाजूंच्या आयताचा कर्ण १२ फूट आणि पावणेदहा इंचांस किंचित् कमी असा येतो. दोन्ही कर्ण सारखे भरले तरच कुदळ उचलावी. दोरी सुताची असेल तर ती ताणानें वाढते व ओलीनें आखडते. म्हणून खुणा आयत्या वेळीं गजानें किंवा पोलादी टेपानें तपासून घ्याव्या.

५. पाया व जोतें

पठारावरील काळी जमीन पिकास आई आहे, पण बांधकामास वैरीण आहे. पावसाळ्यांत ती पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. तिच्यावर ठेवलेली भिंत दरवर्षीं वर-खालीं होते आणि शेवटीं तडकते. म्हणून काळ्या मातींतून खालीं जाऊन मुरूम लागेपर्यंत चर खणावा. आमच्या जागीं तो दोन फुटांवर लागला. चर दीड फूट रुंद घेऊन त्यांत काळा दगड बसवावा, सांधे चुन्यांत किंवा सिमेंटांत भरावे आणि जोतें भुईहून एक फूट वर आणावें. जोत्याच्या पोटांत खणून काढलेली काळी माती कधींही भरूं नये. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनीं, पाणी मारून, धुमसानें ठोकावा. मुलांस या कामाचा कंटाळा येतो, कारण तें पुढें दिसत नाहीं. पण न दिसणाऱ्या कामावरच दिसणारें काम उभें असतें. जोत्याची पातळी पाणसळीनें व खांबांचा सरळपणा ओळंब्यानें पाहावा, डोळ्यांवर विश्वासूं नये.

६. सांगाडा

मेढींसाठीं सागवान उत्तम. तें न मिळाल्यास दुसरें पक्कें, वाळलेलें लांकूड घ्यावें. सुतारबाबांचा पहिला नियम असा कीं, मेढ मातीस टेकूं द्यायची नाहीं. प्रत्येक मेढीखालीं दगडी तळखडा बसवावा. तळखड्यामुळें वाळवी मरत नाहीं. पण तिला लांकडापर्यंत जाण्यासाठीं दगडावरून मातीची नळी बांधावी लागते, आणि ती नळी आपणांस दिसते. पुरलेल्या मेढीवर शत्रूचा हल्ला भुयारांतून होतो, तळखड्यावरील मेढीवर उघड्या मैदानांतून. दोहोंमधील फरक आम्हांस एक खोप गमावून कळला.

मात्र नुसत्या दगडावर ठेवलेली मेढ वाऱ्यानें उचलली जाईल. म्हणून पाया भरतांनाच प्रत्येक मेढीच्या जागीं लोखंडी पट्ट्या पुरून ठेवाव्या व मेढ उभी केल्यावर त्या दोन बाजूंनीं बोल्टानें आवळाव्या. आमच्या खोपीस आठ मेढी आहेत: चार कोंपऱ्यांस, एकेक दोन्ही लांब बाजूंच्या मध्यावर, आणि एकेक दोन्ही आंखूड बाजूंच्या मध्यावर. या शेवटच्या दोन उंच असून त्यांच्या डोक्यांवर आढें बसतें. लांब बाजूंच्या मधल्या मेढींवर आडवी तुळई टाकून, तिच्यावर एक ठेंगणा खांब उभा केला आहे. तो आढ्यास मध्यें आधार देतो.

येथें एक प्रयोग सांगतों. चार काड्या टांचण्यांनीं जोडून चौकोन करा व एका कोंपऱ्यावर दाबा. तो तत्काळ कलतो. तीन काड्यांचा त्रिकोण कराल तर तो कलत नाहीं. कारण तीन बाजू ठरल्या कीं त्रिकोणाचा आकार ठरतो, चार बाजू ठरल्या तरी चौकोनाचा ठरत नाहीं. म्हणून खांब व तुळई यांच्या कोनांत तिरके टेकू मारावे. पहिल्या खोपींत एकही टेकू नव्हता. ती पडण्यापूर्वीं वर्षभर एका बाजूस झुकलेली होती, आणि आम्हीं ती डोळ्यांची चूक समजलों होतों.

७. छप्पर

पत्र्याचा आम्हीं धसका घेतला होता, म्हणून दुसऱ्या खोपीस मंगलोरी कौलें घातलीं. हीं कौलें म्हणजे आपल्या किनाऱ्यावरील उद्योगाचें एक जुनें फळ आहे. बासेल मिशनचे जॉर्ज प्लेब्स्ट यांनीं १८६५ च्या सुमारास मंगळूरजवळ जेप्पू येथें कौलांचा कारखाना काढला. नदीकांठची चिकणमाती, लांकडाचें जळण आणि बंदर हीं तिन्ही तेथें जवळ होतीं. एकमेकांत अडकणाऱ्या खांचांचें हें कौल पुढें मुंबई इलाख्यांत व समुद्रापार दूरवर गेलें.

छपराचा हिशेब असा. मध्यापासून वळचणीच्या कडेपर्यंत आडवें अंतर साडेपांच फूट, चढ पावणेतीन फूट. म्हणून वासा ६ फूट २ इंच लांब. आंखूड बाजूंस छप्पर एकेक फूट बाहेर काढल्यानें त्याची लांबी १२ फूट. दोन्ही पाखीं मिळून क्षेत्र सुमारें १४८ चौरस फूट. शंभर चौरस फुटांस साधारण दीडशें कौलें लागतात; म्हणजे सव्वादोनशें, आणि फूटतूट धरून अडीचशें आणावीं. एकेक कौल दोन किलोंहून अधिक भरतें, तेव्हां छपराचें ओझें पांचशें किलोंच्या आसपास जातें. म्हणून वासे दोन-दोन फुटांवर घ्यावे. रिपांमधील अंतर ऐकीव आंकड्यावर ठरवूं नये. दोन कौलें एकमेकांत बसवून प्रत्यक्ष मोजावें व तें माप काठीवर कोरून तीच काठी शेवटपर्यंत वापरावी.

चढ कमी करून लांकूड वांचविण्याचा मोह होतो. वळचणीचें पाणी आढ्यास जाणें ही गोष्ट आपण म्हणींत उलट्या व्यवहाराचा नमुना म्हणून सांगतों. पण छप्पर सपाट असलें म्हणजे जोराचा वारा पाणी खरोखरच कौलांच्या सांध्यांतून वर ढकलतो व तें आंत गळतें. चढाविषयीं कंजुषी करूं नये.

वादळांत छप्पर खालीं दाबलें जात नाहीं, वर उचललें जातें, हेंही ध्यानांत ठेवावें. वरून वेगानें जाणारा वारा छपरास ओढून घेतो आणि दारांतून शिरलेला वारा त्यास आंतून ढकलतो. म्हणून कड्यांस कडी जुळली पाहिजे: कडेचीं कौलें रिपांस तारेनें, रिपा वाशांस, वासे तुळईस, तुळई मेढीस व मेढ पायास. पहिल्या खोपींत पत्रे बांबूंस घट्ट ठोकलेले होते, पण बांबू मेढींस केवळ सुंभानें बांधलेले होते. सांखळी तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच बळकट असते.

वासे व कौलें चढविण्याचें काम मोठ्या माणसांनींच करावें. मुलांनीं खालून कौलें पुरवावीं, आणि वर काम चालूं असतां छपराखालीं कोणीही उभें राहूं नये.

८. भिंती, दार व पाणी

खोपीच्या भिंतींवर छपराचा भार नसल्यानें त्या हलक्या चालतात. आम्हीं खालीं तीन फूट वीट व वर कामट्यांचा कूड घेतला आणि त्यास माती, शेण व भुसा यांचा गिलावा केला. वळचणीखालीं चारी बाजूंस वीतभर जागा जाळी लावून मोकळी ठेवली. हवा खेळली नाहीं तर लोखंड गंजतें व बियाणें कुजतें. ज्यांस सर्व भिंत विटांची हवी असेल त्यांनीं लॉरी बेकर यांची रीत पाहावी. हे इंग्रज स्थापत्यकार (१९१७–२००७) १९४५ सालीं कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यांच्या बांधकामासाठीं हिंदुस्थानांत आले व येथलेच झाले. वीट आडवी न ठेवतां कडेवर उभी ठेवून, मध्यें पोकळी सोडून भिंत रचण्याची पद्धत त्यांनीं येथें लोकप्रिय केली. तिनें सुमारें एकचतुर्थांश विटा वांचतात, आणि पोकळीमुळें ऊनही कमी लागतें.

दार साडेतीन फूट रुंद ठेवावें, म्हणजे हातगाडी धरलेल्या हाताचीं बोटें चौकटीस सोलपटत नाहींत.

आतां पाण्याविषयीं. छपरावर पडणारें पाणी मोजतांना पाख्यांचें तिरकें क्षेत्र घेऊं नये. पाऊस वरून पडतो, म्हणून खालच्या सावलीचें क्षेत्र घ्यावें. तें १२ गुणिलें ११, म्हणजे १३२ चौरस फूट. एक इंच पावसाचें पाणी ११ घनफूट, म्हणजे तीनशें लिटरांहून अधिक होतें. जेथें वर्षास वीस इंच पाऊस पडतो तेथें एवढ्याशा छपरावरून सहा हजार लिटर पाणी उतरतें. तें पागोळ्यांनीं जोत्याच्या मुळाशीं पडलें तर पाया पोखरील. पन्हळीनें पिंपांत नेलें तर रोपें जगवील. पहिल्या सरीचें धुळकट पाणी सोडून द्यावें, व डांस होऊं नयेत म्हणून पिंपास घट्ट झांकण असावें.

९. उपसंहार

खोप बांधून झाली म्हणजे काम संपलें असें नाहीं. दर वर्षीं पावसाळ्यापूर्वीं कौलें चाळावीं, तळखड्यांवरील वाळवीच्या नळ्या मोडाव्या, बोल्ट आवळावे व पन्हळी साफ कराव्या. आमच्या शाळेंत हें काम सातवीच्या वर्गाकडे आहे, आणि तो वर्ग पुढें जातांना यादीची वही मागच्या वर्गास सोंपवितो.

दुसऱ्या खोपीनें आतां बरींच वादळें पाहिलीं आहेत. सुतारबाबा आज हयात नाहींत. त्यांनीं जुन्या मेढींतून घडविलेला उंबरठा मात्र अद्याप शाबूत असून मुलांच्या पायांनीं मध्यें गुळगुळीत झाला आहे. नवे विद्यार्थी तो ओलांडतात तेव्हां आम्ही त्यांस त्याची हकीकत सांगतों. आपली चूक झांकून ठेवण्यापेक्षां ती अशी पायाखालीं, रोज दिसेल तेथें बसवून ठेवावी, असें आम्हांस वाटतें. पुस्तकांतील विद्या आणि हातांतील विद्या यांत थोरली कोणती, हा वाद ज्यांस घालावयाचा असेल त्यांनीं तो खोपीबाहेर घालावा. आंत दोन्हींचीं अवजारें एकाच भिंतीवर टांगलेलीं आहेत.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. खोपीची लांबी १२ फूट व रुंदी ९ फूट धरल्यास दोन्ही कर्ण किती फूट भरले पाहिजेत?

२. त्याच खोपीचें छप्पर लांब बाजूंस दीड-दीड फूट व आंखूड बाजूंस एकेक फूट बाहेर काढलें, तर एक इंच पावसांत किती घनफूट पाणी मिळेल?

३. चार काड्यांच्या चौकोनास पांचवी काडी कोठें लावली असतां तो कलणार नाहीं? करून पाहा व कारण लिहा.

४. आपल्या घरचें छप्पर पाहून आढ्यापासून पायापर्यंत काय कशास जोडलें आहे त्याची यादी करा. सर्वांत कच्ची कडी कोणती वाटते, तें घरांतील वडील मंडळींस दाखवा.